परसांतील सांडपाणी आणि खतखड्डा

खेड्यांतील पुष्कळ घरांच्या मागें दोनचार हात रुंदीचें एक डबकें असतें. न्हाणीचें व भांडीं घासण्याचें पाणी तेथें सांचतें, आणि दिवस मावळला म्हणजे त्यावर डांसांचे थवे उठतात. हत्तीरोग पसरविणारा डांस अशाच घाणेरड्या पाण्यांत अंडीं घालतो, व उष्ण दिवसांत आठदहा दिवसांत त्या अंड्यांचे उडणारे डांस होतात. त्याच डबक्यापासून दहा पावलांवर परसांतील जमीन फाल्गुनापासून मृगापर्यंत कोरडी ठणठणीत पडलेली असते. या दोहोंची सांगड कशी घालावी हें या पाठांत पाहूं.

प्रथम पाण्याचा हिशेब. पांच माणसांच्या घरांत दर माणशीं १५ लिटरांची एक बादली स्नानास धरिली, तर ७५ लिटर पाणी झालें. भांड्यांचें व हातपाय धुण्याचें मिळून तें १०० लिटरांच्या घरांत जातें. ऐन उन्हाळ्यांत केळीच्या एका झाडास दिवसास १५ ते २० लिटर पाणी लागतें. म्हणजे जें पाणी आज डांस पोशीत आहे, त्यावर पांच केळी सहज पोसतील. जेथें अजून नळ आला नाहीं, किंवा आला असून चैत्रांत कोरडा पडतो, तेथें हें पाणी कोणा मातेच्या वा मुलीच्या डोक्यावरून घरीं येतें. म्हणून खणण्याचें काम घरांतील पुरुषांनीं आपल्याकडे घ्यावें असें आमचें स्पष्ट मत आहे. पाणी आणणारणीच्या माथीं आणखी एक काम आलें, तर ती सुधारणा नव्हे.

न्हाणीच्या तोंडाशीं हातभर खोल खड्डा करून तळाशीं मोठे दगड व वर खडी भरावी. केस, शितें व साबणाचा साका येथें अडतो. ही खडी महिन्यांतून एकदां काढून धुवावी, नाहीं तर पुन्हां डबकें झालेंच म्हणून समजावें. तेथून केळींच्या आळ्यांपर्यंत पाट न्यावा. पाणी थांबूं नये आणि मातीही वाहूं नये, इतकाच त्यास उतार असावा. एके दिवशीं एका बाजूच्या आळ्यांत व दुसरे दिवशीं दुसऱ्या बाजूच्या आळ्यांत पाणी सोडावें, कारण जमीन मधून मधून सुकली पाहिजे. धुण्याचा सोडा घातलेलें पाणी रोज एकाच जागीं मुरलें तर जमीन चोपण होते; तें वेगळें काढून फेंकणें बरें. पाटाच्या ओल्या कांठावर अळू लावावें. पपई मात्र उंचवट्यावर हवी, तिच्या मुळांशीं पाणी तुंबलें कीं ती कुजते. कोथिंबीर, मुळा वगैरे जें कच्चें खावयाचें तें या पाण्यावर करूं नये. हें सर्व विहिरीपासून निदान ५० फूट दूर असावें.

आतां खताविषयीं. पुष्कळ घरीं शेण गोवऱ्यांत जातें, आणि सरपण नसतां गोवऱ्या लावूं नका असें सांगणें आम्हांस शोभणार नाहीं. परंतु सगळें शेण राखून ठेविल्यावांचून खत होत नाहीं ही समजूत खोटी आहे. आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं इंदूर येथील संशोधनसंस्थेंत काम करून जी पद्धत बसविली व १९३१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, तींत शेण हें विरजणासारखें असतें. मुख्य भरणा पालापाचोळ्याचा. त्यांचा खड्डा ३० फूट लांब व १४ फूट रुंद होता. आपल्या परसांत ६ फूट लांब, ४ फूट रुंद व ३ फूट खोल एवढा पुरे.

तळाशीं चिरडलेल्या तुराट्या घालाव्या. त्यांवर पालापाचोळा, तण व भाजीचीं देठें यांचा वीतभर थर द्यावा, आणि त्यावर शेणाचा पातळ काला, गुरांच्या मुताची माती व मूठभर चुलींतील राख पसरावी. असेच थरावर थर रचून खड्डा भरावा. पंधरा दिवसांनीं एकदां, महिन्यानें दुसऱ्यांदा व दोन महिन्यांनीं तिसऱ्यांदा खालचें वर करावें; तीन महिन्यांनीं काळें, भुसभुशीत व दुर्गंधी नसलेलें खत हातीं येतें. पहिल्या आठवड्यांत आंत काठी खुपसून काढावी. ती गरम लागली तर काम नीट चाललें आहे. थंड असून घाण येत असेल तर पाणी अधिक झालें आहे. मग चाळवून कोरडा पाला मिसळावा. पावसाळ्यांत मात्र खड्ड्यांत पाणी भरतें, म्हणून तेव्हां जमिनीवरच ढीग रचावा.

आमचे उपदेशक बंधु म्हणतील, "आमची आज ना उद्यां बदली व्हावयाची, मग झाडें कोणासाठीं लावावीं?" आंब्याविषयीं हा प्रश्न ठीक आहे. अळवाचीं पानें दोनतीन महिन्यांत खुडतां येतात, पपई दहाअकरा महिन्यांत पिकूं लागते, आणि केळीचा घड साधारण वर्षांत मिळतो. बदलीचा कागद येण्यापूर्वीं मुलांच्या ताटांत कांहीं तरी पडेल, एवढें खास.

फाल्गुनांत पानगळ होते तेव्हां खड्डा भरावयास घ्यावा, म्हणजे मृगाच्या लावणीस खत तयार असतें. तोंवर परसास कुंपण झालें पाहिजे. निरगुडीस शेळ्या सहसा तोंड लावीत नाहींत, आणि तिच्या फांद्या पावसाच्या आरंभीं नुसत्या खोंवल्या तरी जीव धरितात. कुंपणाविषयीं अधिक पुढें केव्हां तरी लिहूं.