छोटी विजेची मोटार : नियम आणि बाजार

सरकारी हुकुमाने बाजाराची चाल कशी बदलते, हे आम्हां भुसार व्यापाऱ्यांस निराळे सांगावयास नको. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने तूर व हरभरा यांच्या साठ्यावर मर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्यास प्रत्येक कडधान्य २०० टनांपर्यंतच ठेवता येई, आणि हुकुमाची मुदत सप्टेंबरअखेरपर्यंत होती. हुकूम येतो आणि जातो. मागे उरतो तो माल आणि त्याची वानगी.

आमच्या पेढीवरील तरुण मंडळी सध्या छोटी विजेची मोटार घेण्याचा आग्रह धरीत आहेत. त्यानिमित्त आम्ही जो थोडा अभ्यास केला, तो व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आपल्याच राज्याचे उदाहरण घेऊ. बंगळूरच्या मैनी उद्योगसमूहाने २००१ मध्ये ‘रेवा’ ही छोटी विद्युत मोटार विक्रीस आणली. तिला खरे गिऱ्हाईक मिळाले ते सातासमुद्रांपलीकडे, लंडन शहरी. तेथे फेब्रुवारी २००३ पासून शहराच्या मध्यभागी मोटार नेण्यास रोज ५ पौंडांचा आकार बसू लागला. विजेच्या मोटारीस त्यातून माफी होती. पुढील वर्षी रेवा ‘जी-विझ’ या नावाने तेथे पोहोचली. युरोपीय नियमांत ती मोटार नव्हे, तर ‘जड क्वाड्रिसायकल’ या वर्गात मोडे. त्यामुळे पूर्ण मोटारीच्या धडक-चाचण्या तिला बंधनकारक नव्हत्या. परंतु २००७ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या चाचण्यांनी तिच्या सुरक्षिततेविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या. पुढे अधिक भक्कम विद्युत मोटारी आल्या व जी-विझ मागे पडली. लंडनमधील माफी मात्र डिसेंबर २०२५ पर्यंत चालूच होती! म्हणजे सवलत होती, पण माल टिकला नाही.

आता युरोपीय संघाचा कायदा पाहू. तेथे कारखानदाराने विकलेल्या सर्व नव्या मोटारींच्या धुराची सरासरी मोजतात. २०२१ पासून ही मर्यादा ढोबळ मानाने दर किलोमीटरास ९५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड अशी होती. तिच्यापेक्षा जास्त झालेल्या प्रत्येक ग्रॅमास, विकलेल्या प्रत्येक मोटारीमागे, ९५ युरो दंड. समजा, चारही मोटारी १२० ग्रॅमच्या असतील, तर २५ ग्रॅम जास्त झाले. दंड मोटारीमागे २,३७५ युरो. त्यांतील एक विजेची असेल, तर तिचा धूर शून्य धरून सरासरी ९० येते व दंड टळतो. म्हणूनच कारखानदार विजेच्या मोटारी विकण्यास झटतात. आरंभी त्यांनी मोठ्या व महाग गाड्यांवर भर दिला, कारण बॅटरीचा खर्च महाग गाडीच्या किमतीत सामावतो. २०२५ पासून मर्यादा आणखी १५ टक्क्यांनी उतरली. महाग गाड्यांचे गिऱ्हाईक थोडे, म्हणून सुमारे २५ हजार युरोंच्या आसपासच्या सिट्रोएन ई-सी३ व रेनॉ ५ यांसारख्या गाड्या बाजारात आल्या.

परंतु नियमही स्थिर नसतो. २०२५ मध्येच कारखानदारांना तीन वर्षांची सरासरी एकत्र धरण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, २०३५ पासून धूर शून्य करण्याची अट ९० टक्के घटीपर्यंत सैल करण्याचा व युरोपात बनलेल्या छोट्या विद्युत मोटारींना विशेष सवलत देण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने मांडला.

आपल्याकडेही तसेच आहे. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारीवर ५ टक्के जीएसटी आहे. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल मोटारींचा करही २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दोहोंतील अंतर एका दिवसात कमी झाले.

यास्तव आमचे सांगणे इतकेच : सवलत हा नफा समजावा, भांडवल समजू नये. सवलत वजा करूनही हिशेब जुळतो काय, ते पाहावे. बीदर ते कलबुर्गी सुमारे ११० किलोमीटर; एका भरणीत सुमारे ८० किलोमीटर जाणारी जुनी रेवा ही एक खेपही पुरी करू शकली नसती. २०२२ मध्ये आलेल्या टाटा टियागो विद्युत मोटारीच्या लहान बॅटरीची प्रमाणित पल्ला-संख्या त्या वेळी २५० किलोमीटर होती. वैशाखातील उन्हात, गारव्याचे यंत्र चालू ठेवून ती किती उरते, बॅटरीची हमी किती वर्षांची, आणि दुरुस्तीची सोय आपल्या जिल्ह्यात आहे की हैदराबादेस जावे लागेल, हे विचारूनच पैसे मोजावेत.

तुरीचे पोते आपण कागद पाहून घेत नाही, बोंब मारून दाणा हातावर घेऊन पाहतो. मोटारही तशीच घ्यावी.