लॅब्रॅडॉरला थायरॉइड: खर्च नेमका कुठे होतो?

खाणं तेवढंच, तरी वजन वाढतंय. कुत्रा दिवसभर लोळतो, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झालेत, शेपटी उघडी पडलीय आणि खाज मात्र फारशी नाही. मध्यमवयीन लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर किंवा डॉबरमनमध्ये हे दिसलं की थायरॉइड कमी पडल्याचा संशय घ्यावा.

संशयच. रक्तातली नुसती टी-फोर (थायरॉइड हार्मोनची पातळी) कमी आली म्हणून आजार ठरत नाही. त्वचेचा संसर्ग, कानासाठी दिलेलं स्टिरॉइड, फिटवरची फेनोबार्बिटोन यांनीही ती खाली येते. चालू औषधं डॉक्टरांना आधी सांगा. सोबत फ्री टी-फोर आणि टीएसएच करून घ्या. टीएसएच कुत्र्यांसाठीच्या किटवरच होणार ना, हे पैसे भरण्याआधी विचारा; माणसांच्या किटवरचा रिपोर्ट भरवशाचा नसतो. मोठी रक्कम इथेच जाते, पण माझ्या मते काटकसर इथे करू नये. निदान चुकलं तर गोळ्या जन्मभराच्या. मुंबईकरांनी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलातल्या दरांचीही चौकशी करावी.

गोळी आजी घेतात तीच, लिव्होथायरॉक्सिन. मात्रा मात्र ऐकून केमिस्ट चिठ्ठी पुन्हा वाचतो. सुरुवातीला साधारण किलोमागे 20 मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे 30 किलोच्या कुत्र्याला 100 मायक्रोग्रॅमच्या गोळ्या एका वेळी सहा, दिवसाला बारा! शंभराची बाटली जेमतेम आठ दिवस पुरते. गोळी दीड-दोन रुपयांना धरली तर महिन्याला 540 ते 720 रुपये. वय झालेल्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्याला डॉक्टर कमी मात्रेनं सुरुवात करतात, त्यामुळे हे गणित खर्चाच्या अंदाजापुरतंच.

चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, तेही गोळी दिल्यावर चार ते सहा तासांनी. वेळ चुकली तर तपासणीचे पैसे वाया. पुढे सहा महिन्यांनी एकदा. तरतरी काही आठवड्यांत येते, केसांना महिने लागतात; तेवढ्यात महागडे शाम्पू घेत बसू नका.

मांजरांत बहुधा उलटं: म्हातारं मांजर भरपूर खाऊनही वाळतं, कारण थायरॉइड वाढलेलं असतं.

कुत्र्याला किंवा मांजराला सोबत मधुमेहही असेल तर इन्सुलिनच्या बाटलीवरचा आकडा आणि सिरिंज जुळवून घ्या. 40 युनिटला लाल टोपीची, 100 युनिटला केशरी. अदलाबदल झाली की मात्रा अडीचपटीनं चुकते.