डोलोरेस वेर्ता : शेतमजुरांची कैवारी

उपाशी पोटीं मुलांनीं शिकावें कसें, हा प्रश्न अनेक शिक्षकांस पडतो. परंतु त्याचें उत्तर शोधण्याकरितां वर्ग सोडून शेताच्या बांधावर जाणारी शिक्षिका विरळाच. अमेरिकेंतील डोलोरेस वेर्ता ह्या तशा एक होत. त्यांचें चरित्र आम्ही आज बालवाचकांपुढें ठेवीत आहों.

डोलोरेसबाईंचा जन्म १० एप्रिल १९३० रोजीं न्यू मेक्सिको प्रांतांत डॉसन ह्या खाणीच्या गांवीं झाला. आईबाप विभक्त झाल्यावर आई मुलांस घेऊन कॅलिफोर्नियांतील स्टॉक्टन शहरीं आली व तेथें एक उतारूगृह चालवूं लागली. गरीब शेतमजुरांकडून ती भाडें थोडें घेई, कधीं मुळींच घेत नसे. परोपकाराचा पहिला धडा डोलोरेसबाईंस असा घरींच मिळाला.

पुढें त्या शिक्षिका झाल्या. वर्गांत शेतमजुरांचीं मुलें उपाशी व अनवाणी येत. ह्या मुलांच्या आईबापांस पुरती मजुरी मिळवून देणें हेंच अधिक अगत्याचें, असें मनाशीं ठरवून त्यांनीं नोकरी सोडली. कारखान्यांतील कामगारांस संघ करून मालकांशीं बोलणें करण्याचा हक्क १९३५ च्या कायद्यानें मिळाला होता. शेतमजुरांस मात्र त्यांतून वगळलें होतें. म्हणून १९६२ सालीं सीझर चावेझ यांच्यासह त्यांनीं शेतमजुरांचा संघ स्थापिला.

सप्टेंबर १९६५ मध्यें डेलानो येथील द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांनीं संप पुकारला. थोड्याच दिवसांत वेर्ताबाईंचा संघ त्यांस मिळाला. महात्मा गांधींच्या अहिंसेचा आदर्श ह्या लढ्यापुढें होता. मळेवाले दाद देईनात, तेव्हां संघानें गिऱ्हाइकांस साद घातली : मजुरांस न्याय मिळेपर्यंत हीं द्राक्षें विकत घेऊं नका! वेर्ताबाई न्यूयॉर्क शहरीं जाऊन ह्या बहिष्काराची धुरा वाहूं लागल्या. दूरच्या शहरांतील गृहिणींनीं द्राक्षें घेणें सोडलें, आणि अखेर १९७० सालीं डेलानोच्या मळेवाल्यांनीं करारांवर सह्या केल्या. १९७५ सालीं कॅलिफोर्नियांत शेतमजुरांस संघाचा हक्क देणारा कायदाहि झाला.

हें यश फुकट लाभलें नाहीं. अकरा मुलांची ही आई अनेकदां तुरुंगांत गेली. १९८८ सालीं सान फ्रान्सिस्को येथें निदर्शनाच्या वेळीं पोलिसांच्या माराने त्यांच्या बरगड्या मोडल्या. तरीहि त्यांनीं सेवाव्रत सोडलें नाहीं. २०१२ सालीं राष्ट्राध्यक्षांनीं त्यांस देशाचें सर्वोच्च नागरी पदक अर्पण केलें.

मजुरांची अडवून ठेविलेली मजुरी देवापुढें ओरडते, असा बोध याकोबाच्या पत्रांत आहे. ती हांक माणसांनींहि ऐकावी, हेंच वेर्ताबाईंचें जीवन सांगतें. बालमित्रहो, ताटांतील प्रत्येक घांसामागें कोणाचे तरी हात राबलेले असतात. त्या हातांस पुरता मोबदला मिळाला काय, एवढें विचारण्याची संवय ज्याला लागली, त्याचें शिक्षण सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.