किल्ली चहाच्या डब्यात

सकाळी कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर पडलो, तर गाडीचे आरसे उघडे. आमच्या गाडीला कुलूप लागलं की दोन्ही आरसे आपोआप मिटतात, आणि रात्री ते मिटलेले मीच पाहिले होते. हात लावताच दार उघडलं. टोलचं ईटीसी कार्ड गेलं होतं. गाडी मात्र जागेवर होती. स्टिअरिंगवर पुण्याच्या सवयीने अडकवलेला लोखंडी दांडा होता. इथले, जपानमधले मित्र त्याला हसायचे.

मी कोबानमध्ये, म्हणजे पोलीसचौकीत गेलो. तिथल्या हवालदाराने काचेबद्दल काही विचारलंच नाही. रात्री किल्ली कुठे असते, एवढंच विचारलं. ती असायची गेनकानमध्ये, म्हणजे दारालगत चपला काढायच्या जागेत, कपाटावरच्या वाटीत. गाडीपासून चार पावलांवर.

या चोरीला जपानमध्ये ‘रिले अटॅक’ म्हणतात. स्मार्ट कीची गाडी मंद रेडिओ हाक देते. मीटरभराच्या आत किल्ली असली तर ती ओ देते. एक चोर यंत्र घेऊन घराच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी, आणि ती हाक लांबवर पोचवतात. गाडीला वाटतं, मालक आला. अलार्म वाजत नाही, कारण गाडीच्या लेखी चोरी झालेलीच नसते.

जपानमध्ये 2003 साली वाहनचोरीच्या 64 हजारांवर नोंदी झाल्या होत्या. किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारा इमोबिलायझर घरोघरच्या गाड्यांत आला, पोलीस आणि विमा कंपन्या एकत्र आल्या, आणि 2021 पर्यंत आकडा सव्वापाच हजारांच्या आत आला. पुढच्या वर्षी तो पुन्हा वाढला.

चोरही शिकले होते. ‘कॅन इन्व्हेडर’ या पद्धतीत बंपरच्या आसपासची वायरिंग गाठून यंत्र जोडतात आणि गाडीच्या आतल्या संगणकी जाळ्यालाच दार उघडायचा हुकूम देतात. इथे किल्लीची गरजच नाही. लँड क्रूझर, प्रियस, अल्फार्ड, लेक्सस एलएक्स या गाड्यांवर त्यांचा डोळा असतो. टोयोटाचं माहेर असलेला आइची प्रांतही अशा चोऱ्यांत वरच्या रांगेत आहे.

तेव्हा किल्ली घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी, जादा किल्लीसुद्धा. डबा गाडीजवळ नेऊन दार उघडतं का, हे एकदा पाहावं. उघडलं तर डबा बदलावा. टोयोटाच्या बऱ्याच किल्ल्यांत लॉकचं बटण दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की दिवा चार वेळा लुकलुकतो आणि किल्ली हाकेला ओ देणं थांबवते.

कॅन इन्व्हेडरपुढे डबा निरुपयोगी. तिथे स्टिअरिंगचा दांडा आणि चाकाचं कुलूप लागतं, कारण ते कापायला वेळ जातो आणि आवाज होतो. सक्तीचा विमा इतरांच्या शारीरिक इजेपुरताच असतो. चोरीसाठी वाहनविमा वेगळा घ्यावा लागतो.

जपानी विमा संघटनेने 7 ऑक्टोबर हा चोरीप्रतिबंध दिन ठरवला आहे. दहाचा ‘तो’, सातचा ‘ना’. ‘तोनान’ म्हणजे चोरी.

आमच्या किल्ल्या आता सेन्चा चहाच्या जुन्या डब्यात असतात. पाहुणे तो कौतुकाने उघडतात, आणि चहा दुसऱ्या डब्यातून काढावा लागतो.