हेलिकॉप्टरचे स्वप्न: आधी थिअरी, मग फी

नाशिकरोड, गांधीनगर परिसरातल्या मुलांना हेलिकॉप्टरचा आवाज नवा नाही. लष्कराची 'कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल' इथेच आहे आणि चीता, चेतक डोक्यावरून जाताना पाहतच ही मुले मोठी होतात. २५ मे २०२२ रोजी कॅप्टन अभिलाषा बराक यांना याच संस्थेत 'विंग्ज' मिळाल्या आणि त्या आर्मी एव्हिएशन कोअरच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या. अशी बातमी वाचून घरात कुणी "मलाही हेलिकॉप्टर उडवायचे आहे" म्हटले, की पालकांचा पहिला प्रश्न असतो, "फी किती?" माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: थिअरीचे पुस्तक हातात दिले, तर आपले मूल किती दिवस ते आपणहून उघडेल?

दोन वेगळ्या वाटा

गांधीनगरच्या संस्थेत थेट प्रवेश मिळत नाही. तिथे शिकतात ते सैन्यदलांतले अधिकारी. त्यासाठी आधी एनडीए, सीडीएससारख्या मार्गाने अधिकारी व्हावे लागते, मग वैमानिक म्हणून निवड व्हावी लागते. या वाटेवर फी नाही, पण स्पर्धा कडक आहे आणि देशसेवेची तयारी मनापासून हवी. छत्रपती संभाजीनगरची शासकीय सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मुलांना एनडीएसाठी घडवते आहे. मुलींसाठी तशी संस्था आता नाशिकमध्येच आहे.

दुसरी वाट नागरी. इथे नियम ठरवते डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. हेलिकॉप्टरचा खासगी वैमानिक परवाना म्हणजेच पीपीएल ही या वाटेवरची पहिली मोठी पायरी. मात्र पीपीएलवर मोबदला घेऊन उड्डाण करता येत नाही. नोकरीसाठी पुढे व्यावसायिक परवाना, म्हणजे सीपीएल लागतो. "परवाना मिळाला की नोकरी" असे कुणी सांगत असेल, तर "कोणता परवाना?" हे तिथल्या तिथे विचारा.

पात्रता आणि परीक्षेचे स्वरूप

विद्यार्थी वैमानिक परवान्यासाठी वय किमान १६, पीपीएलसाठी १७ आणि शिक्षण दहावी उत्तीर्ण. पीपीएलसाठी 'क्लास २' वैद्यकीय तपासणी, किमान ४० तासांचे उड्डाण, लेखी परीक्षा आणि रेडिओवरून बोलण्याचा परवाना लागतो. सीपीएलसाठी वय १८ हवे आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित ही अट राहिली आहे. ती शिथिल करण्याचा विचार २०२५ मध्ये पुढे आला, त्यामुळे प्रवेशाच्या वेळचा नियम डीजीसीएच्या संकेतस्थळावर पाहावा. अट उद्या गेली तरी पुढच्या अभ्यासातले भौतिकशास्त्र आणि गणित जाणार नाही.

लेखी परीक्षेचा गाभा चार विषयांचा: हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि हेलिकॉप्टर-इंजिनाचे तांत्रिक ज्ञान. डीजीसीएच्या परीक्षा संगणकावर होतात. प्रश्न बहुपर्यायी असतात, उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. बसण्याआधी डीजीसीएच्या पोर्टलवरून 'कॉम्प्युटर नंबर' घ्यावा लागतो. दहावीची गुणपत्रिका आणि आधार यांवरचे नाव एकसारखे आहे ना, हे त्याआधीच तपासा.

घोकंपट्टी इथे का चालत नाही

८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ झालेल्या दुर्घटनेत जनरल बिपिन रावत यांच्यासह हेलिकॉप्टरमधील सर्वांना प्राण गमवावे लागले. दरीतले हवामान अचानक बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाचे दिशाभान सुटले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. अनुभवी वैमानिकांवरही अशी वेळ येते, तिथे नवशिक्याने हवामानशास्त्राकडे केवळ गुणांचा विषय म्हणून पाहणे परवडणारे नाही. आणि हा विषय नाशिकच्या मुलाला घराबाहेर दिसतो. पावसाळ्यात इगतपुरी-कसाऱ्याच्या घाटात ढग डोंगरावर टेकतात. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि तिचे ढग बनतात. हे कारण नीट कळले, की 'ओरोग्राफिक' ढगांवरचा प्रश्न सहसा चुकत नाही.

आता तांत्रिक विषयातला एक नमुना घ्या: 'डेन्सिटी अल्टिट्यूड'. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात या उंचीवर तापमान ११ अंश सेल्सिअस धरतात. मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांवर गेला, म्हणजे फरक २९ अंशांचा. प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट धरले, तर ३,४८० फूट वाढतात. हवेचा दाब प्रमाण मानला, तर हेलिकॉप्टरच्या दृष्टीने नाशिक त्या दुपारी साधारण ५,५०० फुटांवर असते. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट उंच आहे. जमिनीवर उभे असलेले यंत्र शिखरावरच्या विरळ हवेत असल्यासारखे वागते. पात्यांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि माणसे किंवा इंधन कमी घ्यावे लागते.

दिशादर्शनासाठी नाशिक ते जुहू हा मार्ग नकाशावर आखा. अक्षांशात साधारण ०.९ अंशाचा फरक म्हणजे ५४ नॉटिकल मैल. रेखांशातला फरक अंतरात बदलताना अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. तेही उत्तर जवळपास तेवढेच येते. म्हणून मार्ग जवळजवळ नैर्ऋत्येला आणि अंतर सुमारे ७६ नॉटिकल मैल. आता ३० मैल गेल्यावर तुम्ही मार्गापासून ४ मैल बाजूला सरकलात, तर 'वन इन सिक्स्टी' नियमाने चूक ८ अंशांची. दहावीचे त्रिकोणमितीचे ज्ञान इथे कामाला येते.

विमानाच्या पुस्तकांवर हेलिकॉप्टरची तयारी पूर्ण होत नाही. पुढे जाणाऱ्या आणि मागे येणाऱ्या पात्याची उचल वेगळी का, इंजिन बंद पडल्यावर 'ऑटोरोटेशन'ने सुखरूप कसे उतरता येते, 'व्होर्टेक्स रिंग'मध्ये यंत्र का खचते, हे स्वतंत्रपणे समजून घ्यावे लागते. चीता-चेतकचा मुख्य रोटर वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, तर रॉबिन्सन आर-४४ चा उलट. त्यामुळे ताकद वाढवली, की पहिल्यात उजवे पेडल दाबावे लागते, दुसऱ्यात डावे. कारण समजलेल्या विद्यार्थ्याला हे पाठ करावे लागत नाही.

सहा महिन्यांचा आराखडा

पहिले दोन महिने हवामानशास्त्र आणि हेलिकॉप्टरची तत्त्वे. पुढचे दोन दिशादर्शन, रोज हाताने गणिते सोडवत. पाचवा हवाई नियमांना. सहावा सराव प्रश्नसंचांना. हवामानासाठी ग्रुप कॅप्टन आय. सी. जोशी आणि नियमांसाठी विंग कमांडर आर. के. बाली यांची पुस्तके अनेक वर्षे वापरात आहेत. नियमांचे पुस्तक मात्र ताज्या आवृत्तीचेच घ्या. १९३४ च्या एअरक्राफ्ट ॲक्टच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. पूर्वी दूरसंचार खात्याकडे असलेली रेडिओ परीक्षाही या बदलात डीजीसीएकडे आली आहे.

मराठी माध्यमाच्या मुलांनी बिचकू नये. परीक्षा इंग्रजीत आहे, पण भाषा साधी, ठरावीक शब्दांची असते. रोज दोन पाने मोठ्याने वाचा आणि तीच संकल्पना आईवडिलांना मराठीत समजावून सांगा. सांगताना जिथे अडखळाल, तिथे पुन्हा अभ्यास हवा.

पालकांसाठी

क्रम महत्त्वाचा आहे: आधी वैद्यकीय तपासणी, मग थिअरी, सर्वांत शेवटी उड्डाणाची फी. रंगांधळेपणासारखी अडचण फी भरल्यावर कळली, तर घर कोलमडते. विमानाच्या तासापेक्षा हेलिकॉप्टरचा तास बराच महाग असतो आणि देशात नागरी हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत. बारामती, शिरपूर, गोंदियाची नावे ऐकून जाल, तर तिथले प्रशिक्षण प्रामुख्याने विमानांचे आहे. संस्था डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का आणि ती मान्यता हेलिकॉप्टरसाठी आहे का, दोन्ही तपासा. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. हप्ते आणि परताव्याच्या अटी लेखी घ्या. परदेशी परवाना आणला तरी तो भारतीय परवान्यात बदलताना डीजीसीएच्या परीक्षेला सामोरे जावेच लागते.

सहा महिन्यांच्या थिअरीचा खर्च उड्डाणाच्या मोजक्या तासांपेक्षाही कमी असतो. तेवढ्यात मुलाची ओढ खरी की क्षणिक, हे त्याला आणि तुम्हालाही कळते. ओढ टिकली, तर कर्जाचा निर्णय डोळसपणे घेता येईल. नाही टिकली, तरी भौतिकशास्त्र, गणित आणि इंग्रजी पक्के झालेले मूल कुठल्याही शाखेत पुढेच जाईल. म्हणून कर्जाचा अर्ज भरण्याआधी पुस्तके घरी आणा, आणि पहिला महिना मुलाबरोबर स्वतःही ती वाचा.