फोर्क घेण्याआधी

चि. भाच्यास,


१४० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या, म्हणजे तेवढा दबणाऱ्या, फोर्कवर तुझं मन बसलंय, असं ताई म्हणाली. तो विचार सोड. तुझी फ्रेम १०० मिलिमीटरच्या फोर्कसाठी बांधलेली आहे. एवढा लांब फोर्क लावलास तर सायकलचं तोंड वर उचललं जाईल, चढावर पुढचं चाक भरकटेल आणि हेडट्यूबच्या जोडावर नको इतका ताण येईल. फार तर १२०, तेही फ्रेमच्या कंपनीने चालेल म्हटलं असेल तरच. कमी ट्रॅव्हलने काही अडत नाही: १९९० साली अमेरिकेतल्या दुरँगोला ग्रेग हर्बोल्ड डाउनहिलचा जगज्जेता झाला, तेव्हा त्याच्या रॉकशॉक्स फोर्कला जेमतेम पाच सेंटिमीटर ट्रॅव्हल होता.

पैसे डॅम्परवर घाल. स्वस्त फोर्कमध्ये नुसती स्प्रिंग असते. ती दगडावर दबते आणि तितक्याच जोराने चाक उसळवते. डॅम्पर आणि त्याचा रिबाउंडचा स्क्रू असलेला फोर्क उसळण्याचा हा वेग तेलाने आवरतो. शिवाय एअर फोर्कच घे. तू हलका आहेस आणि कॉइलच्या प्रीलोडची चकती कितीही फिरवलीस तरी स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. हवा मात्र वजनाप्रमाणे कमी-जास्त करता येते. त्यासाठी शॉक पंप हवाच; टायरच्या पंपाने ते काम होत नाही.

हवा भरल्यावर हेल्मेट, पाण्याची बाटली, सगळं घेऊन सायकलवर बस आणि भिंतीला हात टेकून पेडलवर उभा राहा. लॉकआउट उघडा ठेव. शंभरच्या फोर्कवर वरच्या नळीवरची (स्टँचनवरची) सीलला टेकवलेली रबरी रिंग वीसेक मिलिमीटर सरकली की दाब बरोबर. मग रिबाउंड बघ. हँडल दाबून सोडल्यावर चाक जमिनीवरून उडत असेल तर तो मंद कर. फार मंदही नको, कारण ओळीने दगड आले तर फोर्क परत वर यायच्या आत पुन्हा दबतो आणि शेवटी लाकडासारखा कडक लागतो.

आता जपणुकीचं, आणि हे मी कळकळीने सांगतोय. सह्याद्रीतला पावसाळी चिखल सीलच्या ओठावर वाळतो आणि पॉलिश पेपरसारखा स्टँचन घासत राहतो. घरी आलास की आधी ओल्या फडक्याने दोन्ही नळ्या पूस, मग जेव. वॉशिंग सेंटरच्या जेटखाली सायकल कधीही धरू नकोस, त्याने पाणी सीलच्या आत शिरतं. गंज सोडवायचा स्प्रेही तिथे मारू नकोस, आतलं वंगण धुऊन जातं. साधारण पन्नास तास चालवल्यावर खालचे पाय उतरवून तेल आणि फोमच्या रिंगा बघायच्या. खोलण्याआधी सगळी हवा सोडायची, यात हयगय नको. तेल किती आणि कोणतं, ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघ. स्टँचनवर चर पडला तर नवं सीलही टिकत नाही, आणि ती नळी बदलायचा खर्च फार येतो.

पैसे देण्याआधी हेडट्यूबचं वरचं आणि खालचं माप, हबच्या ॲक्सलची जाडी आणि चाकाचा आकार मला कळव. सरळ आणि टेपर्ड स्टिअररमध्ये गल्लत झाली तर फोर्क बसणारच नाही.

तुझा,
मामा