कोसळलेल्या कॅमेरा ड्रोनची घरगुती दुरुस्ती : बोर्ड बदलण्यापूर्वी निदान

भातावरील तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी बसून रस शोषतात. त्यामुळे बांधावर उभे राहून पाहणाऱ्यास पीक हिरवे दिसते आणि बांधीच्या मध्यभागी मात्र गोलाकार चट्टा करपू लागलेला असतो. अशा वेळी लहान कॅमेरा ड्रोन उपयोगी ठरतो. तो तुडतुडे मोजू शकत नाही; परंतु कोणत्या बांधीत उतरून चूड तपासावेत, हे दाखवतो. नेमक्या याच काळात ड्रोन कोसळला आणि दुरुस्तीसाठी दूरच्या शहरी पाठवावा लागला, तर पाहणीचा हंगाम निघून जातो. मल्टिमीटर व सोल्डरिंगची सवय असलेल्या व्यक्तीस काही दुरुस्त्या घरीच करता येतात. त्यांचा क्रम व मर्यादा या लेखात दिल्या आहेत.

एक चूक आणि तिचा धडा

छत्तीसगडच्या मैदानी भागात बांधावर बाभळी राखण्याची जुनी पद्धत आहे. तेथे ‘भूरा माहू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच किडीच्या पाहणीत माझा ड्रोन परतीच्या वाटेवर बाभळीला धडकला. परतीची उंची झाडाच्या शेंड्यापेक्षा कमी ठेवलेली होती. चूक माझीच होती. एक मोटार फिरेना. तिला वीज पुरवणारा वेगनियंत्रक बोर्ड, म्हणजे ईएससी, काळवंडलेला दिसला. मी नवा बोर्ड बसवला आणि तोही काही क्षणांत जळाला. दोष मोटारीत होता. धडकेने तिच्या वेटोळ्याचे वेष्टन फाटून तार धातूच्या गाभ्याला टेकली होती. जळालेला बोर्ड हे लक्षण होते, कारण नव्हे. पाने पिवळी दिसताच फवारणी करू नये, असे आपण शेतकऱ्यांना सांगतो. तोच नियम येथेही लागू आहे.

प्रथम बॅटरी

ड्रोन हाती येताच बॅटरी काढावी. लिथियम पॉलिमर बॅटरीला आतून इजा झाली असल्यास ती काही वेळाने पेट घेऊ शकते. म्हणून ती घरात, वाहनात किंवा गवताजवळ न ठेवता उघड्यावर, वाळूवर किंवा फरशीवर ठेवून तिच्यावर लक्ष ठेवावे. फुगलेली, दबलेली किंवा गोडसर वास येणारी बॅटरी पुन्हा कधीही चार्ज करू नये.

ड्रोन बांधीतील पाण्यात पडला असल्यास तो चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. गढूळ पाण्यातील क्षार बोर्डवर राहतात आणि गंज धरतो. आवरण उघडून बोर्ड 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रशने स्वच्छ करावा आणि पूर्ण वाळू द्यावा. हे काम मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर करावे. ड्रोन तांदळात पुरून ठेवल्याने क्षार निघत नाहीत.

निदानाचा क्रम

1. सर्व पंखे काढावेत. शेवटच्या चाचणीपर्यंत ते परत लावू नयेत.
2. प्रत्येक मोटार हाताने फिरवावी. खरखर जाणवल्यास चुंबकाला चिकटलेली माती व लोहकण, वाकलेला दांडा किंवा निखळलेला चुंबक शोधावा.
3. संशयित मोटारीच्या तीन तारा बोर्डपासून सोडवाव्यात. कोणत्याही दोन तारांमधील रोध अत्यल्प व तिन्ही जोड्यांत सारखा असावा. तार आणि मोटारीचा धातूचा भाग यांच्यात जोडणी दिसता कामा नये. दिसल्यास आधी मोटार बदलावी.
4. बॅटरी नसताना बोर्डच्या धन व ऋण टोकांमधील रोध मोजावा. धारित्र भरेपर्यंत क्षणभर आवाज येऊन आकडा वाढत गेला, तर ते स्वाभाविक आहे. आवाज अखंड येत राहिल्यास शॉर्ट आहे.
5. कॅमेरा थरथरत असल्यास किंवा चित्र येत नसल्यास बोर्ड मागवण्यापूर्वी गिंबलची चपटी फीत तपासावी. धडकेत ती अनेकदा फाटते आणि बोर्डच्या तुलनेत स्वस्त असते.

बोर्ड बदलताना

नव्या बोर्डवरील क्रमांक आणि आवृत्ती जुन्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. केवळ ड्रोनचे नाव सारखे असणे पुरेसे नाही. काही उत्पादकांचे मुख्य बोर्ड, कॅमेरा व गिंबल सॉफ्टवेअरने परस्परांशी जोडलेले असतात. असा भाग बसवल्यावरही ओळखला जात नाही. खरेदीपूर्वी याची खात्री करावी.

प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर ड्रोनची आकृती काढून ते त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावावेत. लांब स्क्रू चुकीच्या जागी बसल्यास तो बोर्डला भोक पाडू शकतो. स्थिर विजेपासून बचावासाठी सुती कपडे घालावेत आणि काम सुरू करण्यापूर्वी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावावा. दाबून बसणारे जोड प्लॅस्टिकच्या पट्टीने सरळ वर उचलावेत; फितीच्या जोडाची खिट्टी आधी उघडावी. बोर्डखालील उष्णतावाहक पट्टी फाटली असल्यास नवी लावावी, अन्यथा नवा बोर्ड तापून निकामी होतो.

मोटारीच्या तारांचा क्रम टिपून ठेवावा. तिन्हींपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाल्यास मोटार उलट फिरते. चार पंख्यांच्या ड्रोनमध्ये समोरासमोरच्या कर्णावरील मोटारी एकाच दिशेने व शेजारच्या विरुद्ध दिशेने फिरतात.

पहिली वीजजोडणी व उड्डाण

ज्या ड्रोनची बॅटरी तीन सेलची व साध्या दोन तारांनी जोडणारी आहे, तेथे धन तारेत वाहनाचा 12 व्होल्टचा 21 वॅटचा दिवा एकसरीत जोडून पहिली वीज द्यावी. दिवा क्षणभर लुकलुकून मंद झाला तर ठीक. प्रखर पेटून राहिला तर शॉर्ट आहे आणि बोर्ड वाचला आहे. ही चाचणी मोटारी न फिरवता करावी. माझ्याकडून सुटलेली पायरी हीच होती.

त्यानंतर सपाट पृष्ठभागावर संवेदकांचे आणि वाहने, पंप, लोखंडी कुंपण यांपासून दूर होकायंत्राचे अंशांकन करावे. पंख्यांविना चारही मोटारींची दिशा तपासावी. मगच पंखे लावून मोकळ्या जागी, माणसे व जनावरे दूर ठेवून, दोन मीटर उंचीवर काही मिनिटे ड्रोन स्थिर ठेवावा. उतरवल्यावर प्रत्येक मोटारीची उष्णता हाताने पाहावी. एखादीच अधिक गरम असल्यास उड्डाण थांबवावे.

नोंदणी विसरू नये

ड्रोन नियम, 2021 अनुसार ड्रोनचा विशिष्ट ओळख क्रमांक त्याच्या उड्डाण-नियंत्रक भागाच्या व दूरनियंत्रकाच्या अनुक्रमांकाशी जोडलेला असतो. म्हणून यांपैकी एखादा भाग बदलल्यास नोंदणीत नवा अनुक्रमांक भरल्याशिवाय उड्डाण करू नये. फवारणीचे मोठे ड्रोन घरी उघडू नयेत. त्यांचे वजन, बॅटरीची शक्ती आणि टाकीतील कीटकनाशक यांमुळे चुकीची किंमत फार मोठी असते.

ड्रोन दुरुस्त होईपर्यंत पाहणी थांबवण्याचे कारण नाही. बांधीत तिरपे चालत जाऊन चूड हलक्या हाताने वाकवावा आणि बुंध्याशी तुडतुडे मोजावेत. ड्रोन केवळ जागा दाखवतो. फवारणीचा निर्णय या मोजणीवरच घ्यायचा असतो.